तार हलली पाहिजे

अकोल्याहून वाशिमकडे निघून पातूरचा घाट चढला की मालेगाव तालुक्यातले मेडशी लागते. एका अंगाला जंगल, जवळच अकोला आणि वाशिम अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य आणि त्यांना खेटून सोयाबीन-तुरीची कोरडवाहू शेती. या पट्ट्यात कुंपण चुकले तर पीक घरी येत नाही. बाभळीच्या काट्या, धुऱ्यावर बांधलेल्या जुन्या साड्या, रात्रीची जागल असे सगळे करून आता शेतकरी तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या सौर झटका मशीनकडे वळला आहे.

मशीनवर आपल्या कुंपणाच्या व्यवसायात भरपूर चर्चा होते: बॅटरी किती, पॅनेल किती, किती एकरांना पुरते. खांब आणि क्लिप यांच्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. आमच्या मते खरी कल्पकता तिथेच खर्ची पडायला हवी.

कारण साधे आहे. शत्रू एक नाही आणि तो बारा महिने तोच राहत नाही. पेरणीला रानडुक्कर बी उकरते. ते तारेखालून मुसंडी मारते, म्हणून खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी. सोयाबीन कोवळे असताना आणि पुढे हरभऱ्यात रोही (नीलगाय) उतरतो. त्याची खांद्याची उंचीच सव्वा ते दीड मीटर, आणि मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे जाऊ शकतो. त्याला वरच्या तारा लागतात. पहिल्या दिवशी ठोकून दिलेले कुंपण यांपैकी एकालाच पुरते.

म्हणून बनवणाऱ्यांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. पहिली, खांबावर सरकणारी क्लिप. इन्सुलेटर खिळ्याने किंवा नटाने कायम न बसवता अवजाराविना हाताने वर-खाली करता आला पाहिजे. दुसरी, खालच्या तारेला वेगळा कट-आउट स्विच. श्रावणात गवत आणि पीक त्या तारेला टेकले की वीज जमिनीत गळते आणि सगळे कुंपण लुळे पडते. ती एक तार बंद करता आली, तर निंदण होईपर्यंत वरच्या तारा तरी पूर्ण ताकदीने राहतील. तिसरी, उन्हाळ्याची सोय. काळी जमीन सुकून भेगाळली की तिच्यातून अर्थिंग नीट मिळत नाही. अशा वेळी एकाआड एक तार स्विचने अर्थिंगला जोडता यावी, म्हणजे दोन तारांना एकदम शिवलेल्या जनावराला झटका नक्की बसेल. चौथी, गुंडाळता येणारी तार आणि पायाने दाबून रोवता येणारे हलके खांब. खरिपाचे कुंपण उचलून रब्बीच्या तुकड्याभोवती लावता आले, तर एकाच खर्चात दोन हंगाम निघतात.

जगात हे नवे नाही. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये विल्यम गॅलाघर यांनी १९३० च्या दशकात विद्युत कुंपणाचा धंदा उभा केला. तिथले पशुपालक हलवत्या तारेने कुरणाचे तुकडे पाडून जनावरे चारतात. इतर देशांत हरणांसाठी मुख्य कुंपणाच्या बाहेर मीटरभर अंतरावर आणखी एक बुटकी तार ओढतात. दोन रेषांतली खोली न कळल्याने हरीण उडी घ्यायला कचरते. रोह्यापुढे ही युक्ती टिकते का, हे मेडशीसारख्या गावच्या शेतातच तपासायला हवे.

मात्र एका गोष्टीत बदलाला जागा नाही. आयएस ३०२-२-७६ या भारतीय मानकानुसार विजेच्या दोन स्पंदांत किमान एक सेकंदाचे अंतर हवे आणि स्पंद १० मिलिसेकंदांपेक्षा लांबता कामा नये. या खंडामुळेच तार पकडलेला हात सुटतो. घरगुती वीज थेट तारेत सोडणारा शेतकरी रानडुकरासोबत शेजाऱ्याचाही जीव धोक्यात घालतो. विदर्भात अशा तारांनी माणसे आणि वाघही मेले आहेत. ग्राहक मागतो म्हणून असली जोडणी करून देणारा मेकॅनिकही तितकाच जबाबदार आहे.

तेव्हा येत्या खरिपापूर्वी प्रत्येक उत्पादकाने मशीनसोबत एकपानी तक्ता द्यावा: कोणते पीक, कोणता महिना, कोणते जनावर, कोणती तार किती उंचीवर. ज्यांनी गावात स्वतः सरकत्या क्लिपा बनवल्या आहेत, त्यांनी मापांसह रेखाटन आमच्याकडे पाठवावे. चालणारे रेखाटन आम्ही छापू. फसलेलेही छापू, पण का फसले ते लिहून पाठवा.