भंगारातल्या ॲक्सलवरची ट्रॉली: बचत कुठे होते, धोका कुठे राहतो

ऊसतोड सुरू व्हायला महिना-दीड महिना उरला की गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांसमोर अर्धवट ट्रॉल्या उभ्या दिसतात. चासी नव्या चॅनलची, पण ॲक्सल, हब, पाटे आणि चाके मोडीत निघालेल्या ट्रकची. कंपनीच्या ट्रॉलीपेक्षा हे काम स्वस्तात होते, दुकानदार ओळखीचा असतो आणि माप आपल्या ट्रॅक्टरप्रमाणे मिळते. त्यामुळे ही पद्धत बंद होणार नाही, आणि सरसकट चुकीची आहे असेही नाही. मात्र गेल्या चार-पाच वर्षांत जुन्या वाहनांबाबतचे नियम बदलले आहेत. त्याचा परिणाम तुम्ही विकत घेत असलेल्या ॲक्सलवर आणि ट्रॉलीच्या कागदांवर होतो. या हंगामासाठी ट्रॉली बांधून घेणार असाल, तर ऑर्डर देण्याआधी पुढील गोष्टी पाहून घ्या.

नियम काय बदलले?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम काढले. जुने वाहन अशा केंद्रात जमा केले की मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळते आणि जुन्या वाहनाची नोंदणी रद्द होते. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले. यात राज्य परिवहन उपक्रमांच्या बसही येतात. पूर्वी लिलावातून थेट भंगारवाल्याकडे जाणाऱ्या गाड्या आता या केंद्रांकडे वळू लागल्या आहेत.

त्यानंतर १ एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांबाबतचे पर्यावरण नियम लागू झाले. वाहन कंपन्यांवर जुन्या गाड्यांतील पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी आली. शेतीचे ट्रॅक्टर, शेतीचे ट्रेलर, कम्बाइन हार्वेस्टर आणि पॉवर टिलर या नियमांतून वगळले आहेत. म्हणजे तुमची जुनी ट्रॉली या नियमाखाली येत नाही, पण जिच्यापासून तुम्ही ॲक्सल घेता ती ट्रक किंवा बस येते.

यातून दोन गोष्टी घडतील असे दिसते. पहिली, पोलादाला हिशेबी मागणी आल्याने चांगला ॲक्सलही वितळवायला जाण्याचे प्रमाण वाढेल. दुसरी, बाजारात दोन प्रकारचा माल राहील. एक बिलासह, कुठल्या गाडीचा हे सांगता येणारा. दुसरा बिलाशिवाय, रोखीत, काहीसा स्वस्त. या दुसऱ्या मालात चोरीच्या गाडीचे भाग असू शकतात. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे मानायला कारण असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून ॲक्सल घेताना विक्रेत्याचे नाव, पत्ता, तारीख आणि मालाचे वर्णन असलेले बिल घ्या. शक्य असेल तर मूळ गाडीचा नोंदणी क्रमांकही त्यावर लिहून घ्या.

नव्या ट्रॉलीशी तुलना पुन्हा करा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. स्वतः माल भरणाऱ्या किंवा खाली करणाऱ्या शेती ट्रेलरचा दरही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली नवी-जुनीची तुलना आज तशीच लागू होत नाही. नव्या ट्रॉलीचे कोटेशन घ्या आणि त्यावर कोणता कर दर लावला आहे ते पाहा. जुन्या भागांच्या ट्रॉलीच्या बाजूला फक्त लोखंड आणि मजुरी धरू नका. नवीन बेअरिंग, ऑइल सील, यू-बोल्ट, टायर, ब्रेकची जोडणी, दिवे, रिफ्लेक्टर आणि नोंदणीचा खर्च त्यात मिळवा. एवढे धरूनही फरक समाधानकारक वाटला, तरच पुढे जा.

भंगारातून काय घ्यावे, काय घेऊ नये

*ॲक्सल:* आधी डिझेलने स्वच्छ धुऊन घ्या. पाटे बसतात ती जागा आणि हब बसतो त्या दांड्याची मुळाकडची बाजू, या दोन ठिकाणी तडे जातात. त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर त्यातले तेल खडूवर रेषेसारखे उमटते. अशी रेषा दिसली तर तो ॲक्सल सोडून द्या. तडा वेल्डिंगने भरून देतो असे कोणी म्हणाले तरी ऐकू नका. ॲक्सलचे पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारी ठिसूळ होते आणि पुढचा तडा तिथूनच जातो.

*पाटे:* सर्व पाने एकाच गाडीची आणि दोन्ही बाजूंची उंची सारखी असावी. पाट्यांवर वेल्डिंगचा एकही टाका नको.

*डिस्क:* नटांच्या भोकांभोवती तडे किंवा लंबगोल झालेली भोके असतील तर घेऊ नका.

*टायर:* टायरच्या बाजूवर चार अंकी उत्पादन क्रमांक असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला बारीक भेगा पडलेला जुना टायर भरलेल्या ट्रॉलीखाली घालू नका.

*जे नवेच घ्यायचे:* बेअरिंग, ऑइल सील, यू-बोल्ट, चाकाचे नट-बोल्ट, दांडीची पिन आणि सुरक्षा साखळी. ट्रॉलीच्या एकूण खर्चात या वस्तूंचा वाटा लहान असतो, पण चाक निखळणे आणि ट्रॉली सुटणे हे अपघात यांच्यामुळेच होतात.

ब्रेक आहे, पण चालत नाही

मोठ्या ट्रकच्या ॲक्सलला ब्रेकचे ड्रम आणि लायनर असतात. ट्रॉली बांधून आली की ते जागेवर दिसतात आणि मालकाला वाटते की ट्रॉलीला ब्रेक आहे. पण हे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. तुमच्या ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी नसेल, तर ते नुसते वजन आहे.

याचा अर्थ आकड्यांत पाहा. समजा, ट्रॅक्टर २ टनांचा आणि भरलेली ट्रॉली ८ टनांची आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने एकटा ट्रॅक्टर ब्रेक दाबल्यावर साधारण ४ मीटरमध्ये थांबत असेल, तर त्याच ब्रेकच्या जोरावर १० टनांचे वजन थांबवायला सुमारे पाचपट, म्हणजे २० मीटर लागतील. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात साडेपाच मीटर अंतर आधीच कापले जाते, ते वेगळे. उतारावर हे आणखी अवघड होते. दहा मीटरला एक मीटर उतार असेल, तर ८ टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला मागून सुमारे ८०० किलोच्या जोराने ढकलते. वळणावर हा ढकला बाजूने बसला की ट्रॅक्टर आडवा होतो. दोन ट्रॉल्या जोडल्या तर हिशेब दुप्पट होतो.

म्हणून वर्कशॉपला पहिला प्रश्न हा विचारा: ट्रॉलीचा ब्रेक कशावर चालणार? ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर चालणारा ब्रेक किंवा ट्रॉली पुढे ढकलली गेली की दांडीतून आपोआप लागणारा ब्रेक, यांपैकी एक बसवून घ्या. ट्रॉली ताब्यात घेण्याआधी माल भरून सपाट, मोकळ्या जागेत चाचणी घ्या. उभ्या ट्रॉलीच्या चाकाखाली लावायला दगडाऐवजी दोन लोखंडी किंवा लाकडी पाचर कायम ट्रॉलीतच ठेवा.

ॲक्सल पेलतो तेवढे भरायचे नसते

मोठ्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर दहा टनांहून अधिक भार कायद्याने चालतो. यावरून 'आपल्या ट्रॉलीचे काही होत नाही' असा समज होतो. पण ट्रॉलीची मर्यादा सर्वांत कमजोर भाग ठरवतो. तो बहुतेक वेळा ट्रॅक्टरचा हूक, दांडी किंवा ब्रेक असतो.

दोन चाकी ट्रॉलीत ॲक्सलची जागाही महत्त्वाची. भरलेल्या वजनाचा साधारण एक दशांश भाग दांडीवर यायला हवा. ॲक्सल जास्त पुढे बसला तर मागचे वजन दांडी उचलू पाहते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते. ॲक्सल जास्त मागे बसला तर दांडीवर भार वाढतो आणि चढावर ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलते. ऊस फाळक्याच्या वर रचला की वजनाचा मध्य आणखी वर जातो, म्हणून चाकांमधील अंतर कमी असलेली अरुंद ट्रॉली उसासाठी बांधू नका.

शेतातले नुकसान

हा भाग ट्रॉली बांधताना सहसा कोणी धरत नाही. ट्रकचे टायर रस्त्यासाठी असतात. ते अरुंद असतात आणि त्यांत हवेचा दाब खूप जास्त ठेवावा लागतो. चाक जमिनीवर जो दाब देते तो साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा असतो. ओल असलेल्या काळ्या जमिनीत अशी ट्रॉली फडात घातली की चाकोरीत माती घट्ट होते, पाणी साचते आणि खोडव्याचे फुटवे तिथे कमी येतात. एका ॲक्सलवरचा भार ५-६ टनांच्या पुढे गेला की घट्टपणा नांगराच्या खोलीच्याही खाली जातो, आणि तो पुढच्या नांगरटीने निघत नाही.

उपाय साधे आहेत. भरलेली ट्रॉली शक्यतो बांधावर किंवा ठरावीक वाटेवरच ठेवा. तोडणीआधी पाणी पुरेसे आधी तोडा. फडात जायचेच असेल तर कमी माल भरा आणि दरवेळी त्याच चाकोरीतून या-जा करा. ट्रॉली मुख्यतः शेतातच फिरणार असेल तर रुंद, कमी दाबाचे टायर बसतील असे हब आणि डिस्क निवडा.

कागद आधी, वेल्डिंग नंतर

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. ट्रॅक्टरचे पासिंग झाले म्हणजे ट्रॉलीचे झाले असे होत नाही. नोंदणीसाठी नमुना २० मध्ये अर्ज, नमुना २१ मध्ये विक्री प्रमाणपत्र आणि नमुना २२ मध्ये उत्पादकाचे वाहन नियमांनुसार असल्याचे प्रमाणपत्र लागते. गावातल्या वर्कशॉपकडे शेवटची दोन प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार नसेल, तर ट्रॉली कितीही मजबूत असली तरी तिचे पासिंग अडते. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी दुकानदाराला विचारा: याआधी बांधलेल्या ट्रॉलीचे आरसी बुक दाखवाल का? उत्तर टाळले तर आधी जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयात चौकशी करा.

विम्याचा प्रश्न यालाच जोडलेला आहे. ट्रॉलीची नोंदणी नाही, पॉलिसीत तिचा उल्लेख नाही आणि अपघात झाला, तर विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते. काही प्रकरणांत न्यायालय कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. दोन्ही परिस्थितींत रक्कम शेवटी मालकाच्या जमिनीपर्यंत पोहोचते. भाड्याने वाहतूक करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. नटवर पारीख प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रॅक्टर-ट्रेलरच्या जोडीला मालवाहू वाहन मानले आणि परवान्याची गरज सांगितली. फक्त शेतीकामासाठीची पॉलिसी भाड्याच्या वाहतुकीत उपयोगी पडेल असे गृहीत धरू नका.

ट्रॉलीतून माणसे नेणे तर कोणत्याच पॉलिसीच्या भरवशावर करू नका. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात शेतमजूर महिलांचा मृत्यू झाला. ट्रॉली नवी की जुन्या भागांची, याचा अशा वेळी फरक पडत नाही. तिच्यात बसलेल्या माणसाला धरायला आणि बाहेर पडायला काहीच नसते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

साखर कारखाने हंगामाआधी वाहतूकदारांशी करार करतात. ट्रॉलीचे आरसी बुक, विमा आणि चालू ब्रेक यांची तपासणी त्याच वेळी करता येते, कारण एकदा गाळप सुरू झाले की कोणालाच थांबायला वेळ नसतो. कारखान्याचा शेती विभाग, आरटीओ आणि गावातले वेल्डिंग कारागीर यांची एक दिवसाची बैठक घ्या. खडूची चाचणी, ॲक्सलची जागा आणि ब्रेकची जोडणी कारागिरांना प्रत्यक्ष दाखवा. शेतकरी ट्रॉलीबाबत सल्ला आधी त्यांनाच विचारतो.

रस्त्यावर निघण्याआधी

- मागे लाल, बाजूंना पिवळे आणि पुढे पांढरे रिफ्लेक्टर आहेत का? उसाची वाढे लोंबून ते झाकले जात नाहीत ना?
- मागचे दिवे ट्रॅक्टरच्या वायरिंगला जोडलेले आणि चालू आहेत का?
- पिनला लॉक आणि दांडीला सुरक्षा साखळी आहे का?
- पहिल्या भरलेल्या खेपेनंतर चाकाचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळले का?
- दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर हबला हात लावून पाहा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तर बेअरिंग तपासल्याशिवाय पुढची खेप करू नका.
- बंद पडलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर सोडावी लागली तर मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा.