पुसण्याआधी परत आणून दाखवा

अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये बाहेरगावहून आलेल्या रुग्णाच्या हातात हमखास एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे असतात. धारणीहून घाट उतरून आलेला माणूस ती जिवापाड जपतो. जुना रिपोर्ट शेजारी ठेवला, तरच आजार वाढला की ओसरला, हे डॉक्टरांना नेमके सांगता येते.

आता ही पिशवी संगणकात जाते आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. खासगी दवाखाने आणि लॅबही रिपोर्ट क्लाउडवर, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या संगणकांवर, ठेवू लागल्या आहेत. बदल चांगलाच आहे. प्रश्न एवढाच, की ही नवी पिशवी कोण आणि कशी सांभाळतो?

ती सांभाळली जाते कन्सोलवरून. कर्मचारी आपल्या टेबलावरून लॉगिन करतो, फोल्डर तयार करतो, फायली हलवतो, जुन्या पुसतो. घरच्या संगणकावर पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये सापडते. सर्व्हरवर टाइप केलेला पुसण्याचा आदेश मात्र बहुधा काही न विचारता पाळला जातो. अ‍ॅमेझॉनच्या एस-३ साठवणसेवेत तर फोल्डर हा फायलींच्या नावाचाच एक भाग असतो. तो पुसला, की त्या नावाने सुरू होणाऱ्या सगळ्या फायली जातात.

‘क्लाउडवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हा समज इथेच धोक्याचा ठरतो. एस-३ची रचना वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणासाठी केल्याचे कंपनी सांगते. पण ही हमी डिस्क बिघडण्यापुरती आहे. अधिकार असलेल्या माणसाने स्वतःच फाईल पुसली, तर ती यंत्रणा आदेश इमानदारीने पाळते.

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात हेच घडले. महासंगणकावरील जुन्या नोंदी पुसणारी एक आज्ञावली चालू असतानाच बदलली गेली आणि भलत्याच डिरेक्टरीवर चालली. सुमारे ७७ टेराबाइटच्या ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. चार संशोधन गटांची माहिती परत मिळालीच नाही. चूक कुणा नवख्याची नव्हती, यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीची होती.

उलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि कित्येक दिवस काम कागदावर करावे लागले. तरीही ई-हॉस्पिटलमधील माहिती परत आली, कारण बॅकअप सर्व्हरला धक्का लागला नव्हता.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. बॅकअप ‘आहे’ असे सांगणे पुरेसे नाही. त्यातून माहिती परत आणून दाखवली पाहिजे. दर तीन महिन्यांनी काही निवडक नोंदी बॅकअपमधून उघडून पाहाव्यात. पुसण्याचा अधिकार मोजक्याच लोकांकडे असावा. एक प्रत वेगळ्या लॉगिनखाली ठेवावी. फायलींच्या जुन्या आवृत्त्या राखणारी ‘व्हर्जनिंग’ सोय एस-३मध्ये मुळात बंद असते, ती चालू करावी. लहान दवाखाने खर्चाचे कारण सांगतील. पण जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवसांनी आपोआप काढून टाकण्याचीही सोय आहे, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो.

आणि रुग्णांनो, आपल्या नोंदी मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. परत आणण्याची ही तालीम आपल्या दवाखान्यात होते, याची खात्री पटेपर्यंत ती पिशवी फेकू नका.