शेंगदाण्यांवर खापर नको

ताप उतरताना ओठाच्या कडेला पुळ्यांचा झुबका उठतो, आठ-दहा दिवसांत खपली धरून जातो. हे घराघरांत पाहिलेलं असतं. त्यामागे हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा पहिला प्रकार असतो. (नागीण उठते ती याची नव्हे, कांजिण्यांच्या विषाणूची.) जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे आणि बहुतेकांना तो लहानपणीच लागलेला असतो.

म्हणूनच कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एखाद्या कामगाराच्या रक्ताच्या रिपोर्टवर नुसतं 'हर्पिस पॉझिटिव्ह' छापून आलं, तर त्यावरून नवरा-बायकोपैकी कुणाच्याही चारित्र्यावर बोट ठेवणं अन्यायाचं आहे. प्रकार न सांगणाऱ्या अशा प्रतिपिंडांच्या रिपोर्टवरून विषाणू ओठावर आहे की गुप्तांगावर, कधी लागला, कुणाकडून लागला, यातलं काहीच कळत नाही.

प्रतिपिंडांच्या चाचण्यांपैकी आयजीएम तर मोडीतच काढायला हवी. जुना संसर्ग पुन्हा उफाळला तरी ती पॉझिटिव्ह येते, आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी ती करू नका असंच सांगते. आयजीजी त्यापेक्षा बरी, पण संसर्गानंतर प्रतिपिंडं दिसायला बारा आठवडेही लागतात. शिवाय हर्पिस सिम्प्लेक्सच्या दुसऱ्या प्रकारासाठीच्या आयजीजीचा आकडा १.१ ते ३ च्या दरम्यान असेल, तर तो खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी वेगळ्या पद्धतीची दुसरी चाचणी लागते. सर्वांत भरवशाचं उत्तर मिळतं ते ताज्या पुळीतला स्राव घेऊन केलेल्या पीसीआरमधून. लक्षणं नसताना सरसकट ही रक्तचाचणी करू नये, असा सल्ला अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२३ मध्ये पुन्हा दिला. आपल्याकडेही तोच पाळावा.

चाचणीनंतर प्रश्न येतो खाण्याचा. शेंगदाण्यात आर्जिनिन हे अमिनो आम्ल भरपूर, विषाणूला वाढायला ते लागतं, म्हणून शेंगदाणे बंद, हा सल्ला सर्रास दिला जातो. प्रयोगशाळेतल्या पेशींपुरतं त्यात तथ्य आहे. पण माणसाने शेंगदाणे सोडल्याने पुळ्या थांबतात, असा भक्कम पुरावा नाही. लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या गोळ्यांनी ओठावरच्या पुळ्या टळतात, यालाही कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या पुरावा-आढाव्यात आधार सापडला नाही. कष्टकऱ्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी म्हणजे स्वस्तातली प्रथिनं. ती धाकापोटी काढून घेणं चुकीचं. एखाद्या पदार्थानंतर दरवेळी त्रास होतोच असं कुणाला स्वतःला जाणवलं, तर त्याने तेवढाच टाळावा.

ताप, कडक ऊन, मानसिक ताण, बायकांमध्ये पाळी ही उफाळण्याची ओळखीची कारणं. त्यामुळे फाउंड्रीत किंवा गिरणीत रात्रपाळी करणाऱ्याच्या ताटाआधी डॉक्टरांनी त्याची झोप आणि त्याच्यावरचा ताण विचारायला हवा.

औषध आहे. सरकारच्या गुप्तरोग कार्यक्रमात गुप्तांगावरच्या हर्पिससाठी लाल रंगाचा पाच क्रमांकाचा किट असतो, त्यात असायक्लोव्हिर असतं. त्याने विषाणू शरीरातून जात नाही, पण त्रासाचे दिवस कमी होतात. रिपोर्ट घरी वाचून भांडण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या गुप्तरोग विभागात जा, नाहीतर सरकारच्या १०९७ या मोफत मदत क्रमांकावर विचारा.