कच्चा लिंबू

‘कच्चा लिंबू’ हा शब्द खेळाच्या परिभाषेंत ज्या कोणीं प्रथम योजिला, तो मोठा शिक्षणशास्त्रज्ञ असला पाहिजे. (कोठें त्यास ‘लिंबूटिंबू’ही म्हणतात.) लपंडाव असो वा लगोरी असो, चार-पांच वर्षांचें धाकटें भावंड हट्ट धरून आलें, कीं मोठीं मुलें त्यास हें पद देतात. त्यानें पळावें, लपावें, ओरडावें. परंतु तें सांपडलें तरी त्याजवर राज्य येत नाहीं. खेळ मोडत नाहीं आणि मूलही बाहेर राहत नाहीं. कांहीं दिवसांनीं तेंच रागावून ‘मला खरें राज्य द्या’ म्हणतें. तेव्हां लिंबू पिकला असें समजावें!

गडी वाटण्याची जुनी रीतही विचार करण्याजोगी आहे. सारख्या बळाच्या दोघांनीं बाजूस जाऊन एकानें ‘सूर्य’ व दुसऱ्यानें ‘चंद्र’ असें गुप्त नांव घ्यावें आणि नायकांपाशीं येऊन ‘कोणास काय हवें?’ असें विचारावें. नायक नांव मागतो, माणूस नव्हे. आज बहुधा नायक एकेक गडी पारखून निवडतो. मग जें मूल स्थूल किंवा पायानें अधू असेल, तें शेवटीं एकटें उभें राहतें. तें अर्धें मिनिट त्यास वर्षभर पुरतें.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खो-खोचे नियम बांधले. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस त्या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली व भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनीं ती जिंकली. आनंदच आहे. स्पर्धेंत कच्च्या लिंबास जागा नसते, आणि ती नसावीच. पण प्राथमिक शाळेच्या अंगणांत ती मोजपट्टी कशास?

जुन्या खेळांची थोरवी गातांना एक गोष्ट मात्र झांकूं नये. आपल्या वाड्यांतून लिंबाचें पद मिळे तें घरच्या धाकट्यास. भांडीं घासावयास येणाऱ्या बाईचें मूल ओट्याखालीं उभें राहून पाहत असे, आणि कित्येकांस तर तेथवर येण्याचीही मुभा नव्हती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बहुतेक खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठीं राखल्या. तशा घरचीं मुलें आतां आपल्या नातवंडांच्या शेजारीं बाकावर बसतात. बाकाची व्यवस्था कायदा करूं शकतो. मधल्या सुटींत गडी कसे वाटले जातात, हें पाहावयास तो येत नाहीं. आजी-आजोबांनीं सायंकाळीं सहज विचारावें, ‘आज तुझ्या बाजूस कोण होतें? आणि नुसतें पाहत कोण उभें होतें?’ दुसऱ्या प्रश्नास मूल थोडा वेळ लावील. तो लावूं द्यावा.