चिमुकल्या फौजेचा रंग

खेळातील सैनिक कोणत्या रंगाने रंगवावेत, हा काही वादाचा विषय आहे असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळांना वादासाठी याहून भारदस्त विषय नेहमीच उपलब्ध असतात. तथापि गेल्या दिवाळीत तंजावर येथे जे पाहिले, त्यामुळे या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावर लिहिणे मला भाग पडत आहे.

तेथे बदलून आलेल्या एका मराठी अधिकाऱ्यांच्या घरी फराळास गेलो होतो. त्यांच्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवांना मेजावरील युद्धखेळाचा नाद आहे. इंचभर उंचीचे धातूचे वा प्लास्टिकचे सैनिक आणावयाचे, बारीक कुंचल्याने रंगवावयाचे, आणि फासे व मोजपट्टी घेऊन जुनी लढाई मेजावर पुन्हा लढावयाची, असा हा खेळ. प्रशियाच्या फौजेत राइसविट्झ पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात असा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी सिद्ध केला, पुढे एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली पुस्तक लिहून तो घरोघरी नेला. या मुलाने विषय निवडला होता १७५८ सालचा, लालीने तंजावरास घातलेल्या वेढ्याचा. निवड पाहून मला आनंद झाला. ज्या किल्ल्याच्या सावलीत राहावयाचे, त्याचीच लढाई मांडावी, यासारखी दुसरी बुद्धी नाही.

परंतु मेजाजवळ गेलो आणि आनंद ओसरला. फ्रेंचांकडील लोरेन पलटणीचे अंगरखे पांढरे होते. लालीच्या स्वतःच्या आयरिश पलटणीचे तांबडे, आणि त्यांवरील हिरवी किनार भिंगातून पाहावी इतकी नेमकी होती. समोर प्रतापसिंह महाराजांचे घोडदळ. त्यातील झाडून साऱ्या स्वारांची मुंडाशी एकाच भगव्या रंगाची, जणू काही एकाच दुकानातून त्याच दिवशी घेतलेली! हा भेद का, असे विचारता उत्तर वडिलांनी दिले: "अहो, मराठे म्हटल्यावर दुसरा कोणता रंग देणार?" मुलगा काही बोलला नाही. त्याने कुंचला पाण्यात बुडविला व तो माझ्याकडे पाहत राहिला.

माझा वाद त्या मुलाशी नाही. वडिलांच्या त्या एका वाक्याशी आहे, कारण ते वाक्य आपणां सर्वांचे आहे. फ्रेंचांच्या बाबतीत आपण पुरावा शोधतो आणि स्वतःच्या बाबतीत अभिमानावर भागवितो. परक्याचा सैनिक हा ज्ञानाचा विषय, आपला सैनिक हा आरतीचा विषय, अशी ही वाटणी आहे. तिच्यात आपल्या पूर्वजांचा सन्मान होतो असे आपण समजतो. वस्तुतः त्यांचा याहून मोठा अपमान नाही. कारण ज्याच्याविषयी काही जाणून घेण्याची गरज वाटत नाही, त्याला आपण माणूस मानीत नाही, शोभेची वस्तू मानतो.

तंजावरचे उदाहरण घ्या. व्यंकोजीराजे १६७५च्या सुमारास येथे आले ते स्वराज्याचे सरदार म्हणून नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचे सेनानी म्हणून. १६७७ साली शिवाजीमहाराज कर्नाटकात उतरले, बंधूंची भेट झाली, बोलणी फिसकटली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वालिकोंडपुरमजवळ व्यंकोजीराजांची फौज महाराजांच्या बाजूने लढणाऱ्या संताजी भोसले यांच्या फौजेवर चालून गेली. दिवसा व्यंकोजींची सरशी झाली आणि रात्रीच्या छाप्याने संताजींनी ती उलटविली. दोन्हीकडे शहाजीराजांचेच पुत्र! ही लढाई मेजावर मांडावयाची झाली तर भगवा कोणास द्यावयाचा? दोघांस दिला तर खेळ चालणार नाही, एकास दिला तर इतिहास चालणार नाही. एका रंगाचे हे शास्त्र पहिल्याच अवघड प्रसंगी कोलमडते, ते असे.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: 'त्या काळी मराठ्यांना गणवेश नव्हताच, मग कोणताही रंग का चालू नये?' हे उत्तर दिसते तितके निरुपद्रवी नाही. गणवेश नव्हता याचा अर्थ सर्वांस एकच रंग देणे, ही एकच गोष्ट निश्चितपणे चूक आहे! सभासद आपल्या बखरीत भागानगरच्या भेटीपूर्वी महाराजांनी फौजेला थाटाचा साज कसा चढविला, हे सांगतो. एरव्हीचा साधेपणा आणि त्या एका दिवसाचा थाट यांतील अंतर त्याला नोंदविण्याजोगे वाटले. तीच फौज पुढे या तमिळ मुलखात उतरली. आणि ती बखरही याच मुलखात, जिंजीस लिहिली गेली. म्हणजे आपल्याच जुन्या लेखकाला जो फरक दिसला, तो आपल्याला तीनशे वर्षांनंतर दिसेनासा झाला आहे.

दुसरा आक्षेप असा की, साधने कोठे आहेत? साधने आपल्या पायाशी आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तंजावरच्या चित्रकारांनी कंपनीच्या साहेबांसाठी निरनिराळ्या जातींची व व्यवसायांची जोडप्याने चित्रे काढली. त्यांत शिपाई आहेत, आणि त्यांची वस्त्रे व पागोटी लक्षपूर्वक रंगविलेली आहेत. ती चित्रे १७५८ नंतरची आहेत, हे खरे. म्हणून ती जपून वापरावीत, दुर्लक्षू नयेत. दुसऱ्या सरफोजीराजांचा फ्लॅक्समनने घडविलेला संगमरवरी पुतळा राजवाड्यात उभा आहे. आणि दरबारचे मोडी कागद आहेत. त्या कागदांची गोष्ट तर आपल्याला मान खाली घालावयास लावणारी आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर टिपणांसह खंडशः प्रसिद्ध केले. आपल्या भाषेतले, आपल्या लिपीतले कागद तमिळ विद्वानांनी वाचले. आणि आपण मात्र बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३चा मराठी शिलालेख पाहून, त्याच्यासमोर छायाचित्र घेऊन, संध्याकाळच्या गाडीने परत जातो. ही का आपली अस्मिता?

सरफोजीराजांची वृत्ती याहून निराळी होती. १७९९च्या तहाने राज्य गेले, किल्ला आणि वाडा तेवढा हाती उरला. तरी जगात काय चालले आहे इकडे त्यांचे लक्ष होते. पट्टुकोट्टैच्या बाजूस समुद्रकाठी त्यांनी उभारलेला मनोरा नेपोलियनच्या पाडावाचे स्मारक आहे, आणि त्यावरील लेखात १८१४ हे वर्ष आहे. त्यात इंग्रजांची मनधरणी होती, हे मी नाकारीत नाही. परंतु युरोपातील लढाईची दखल घेणारा तो राजा आपला. आणि नेपोलियनच्या सैनिकांची बटणे मोजून रंगविणारी, पण त्या राजाच्या शिपायाने काय नेसले हे न विचारणारी मुलेही आपलीच.

'खेळच तो, त्यात एवढे काय?' असे म्हणणाऱ्यांस एकच सांगतो. दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरून मातीचे मावळे मांडणारे पाच वर्षांचे मूल निराळे. त्याने मावळ्याला हवा तो रंग द्यावा; वाघाला निळा दिला तरी मी टाळी वाजवीन. पण जो मुलगा परक्या पलटणीची किनार पुस्तकातून हुडकून काढतो, त्याची जिज्ञासा जागी झालेली आहे. तिला आपल्या घराच्या उंबऱ्याशी 'पुरे' म्हणून थांबविणे, हा खेळ नव्हे. उद्या तो प्रशासनात येईल, एखादी फाईल त्याच्यासमोर येईल, आणि आपल्या माणसांपुरता पुरावा मागावयाचा नसतो, हे तो याच मेजावर शिकलेला असेल. आपण अधिकारी आहोत. याचा अर्थ मी निराळा सांगावयास नको.

म्हणून परप्रांतातील आपल्या मंडळांस एक सूचना. किल्ल्यांच्या व चित्रांच्या स्पर्धा आपण भरवितोच. त्यांत मोठ्या मुलांसाठी एक नियम करावा: प्रत्येक सैनिकाच्या तळाशी चिठ्ठी असावी, हा रंग कशावरून दिला. जेथे आधार नाही, तेथे 'आधार नाही' असे लिहून कापडाचा मूळ कोराच रंग ठेवावा, आणि त्याबद्दल गुण कापू नयेत, वाढवावेत. तमिळनाडूतील मंडळांनी दरवर्षी रायगडच न करता एखाद्या वर्षी जिंजी करावी. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा तो एकच आहे, आणि आपण त्याच्या शेजारी राहतो.

निघताना त्या मुलाने मला जिन्यापर्यंत सोडले व हळूच विचारले, "काका, मोडी शिकायला किती दिवस लागतात?" मला उत्तर देता आले नाही, कारण मलाही मोडी येत नाही. वडील वरून हाक मारीत होते. या लेखाचा रोख कोणावर आहे, अशी शंका कोणास आली असल्यास, त्यात माझेही नाव धरावे.