पत्रे आपली, कुलूप दुसऱ्याचे

टपालाचे दर वाढले, तरी जुनी पत्रे आपल्या ट्रंकेतच राहतात. ई-मेलचे तसे नाही. ती ट्रंकच कंपनीच्या माळ्यावर असते.

२००६ साली गूगलने स्वतःच्या नावाचे डोमेन असणाऱ्यांना ई-मेलची सेवा विनामूल्य देऊ केली. डिसेंबर २०१२मध्ये नव्या ग्राहकांसाठी हे दार बंद झाले. जुने आत राहिले. जानेवारी २०२२मध्ये त्यांनाही सांगण्यात आले, की आता पैसे भरा. बरीच ओरड झाली, तेव्हा मे महिन्यात कंपनीने घरगुती वापरापुरती माघार घेतली. व्यावसायिकांना ती सवलत मिळाली नाही.

कंपनीने अन्नछत्र चालवावे, असे कोणी म्हणणार नाही. यंत्रे, वीज, माणसे यांना खर्च येतोच. बँकेत असताना दरवाढीच्या नोटिसा मीही फलकावर लावल्या आहेत. पण खाते बंद करणारा ग्राहक आपली शिल्लक घेऊन जात असे. येथे पत्रे उतरवून घेता येतात. त्या खात्यावर विकत घेतलेले चित्रपट दुसऱ्या खात्यावर नेता येत नाहीत. या ग्राहकांचा पत्ता तरी त्यांचा स्वतःचा होता. साध्या जीमेलचा पत्ता कंपनीचाच. मोबाइलचा क्रमांक मात्र कंपनी बदलली तरी २०११पासून देशभर आपल्याकडेच राहतो.

दर वाढवण्याचा हक्क मान्य. पण आधी निघण्याची वाट मोकळी हवी. ग्राहकाला कोंडून भाडे वाढवणे हा व्यापार नव्हे.