हिवाळ्यात हिरवा राहणारा ओक

सुंदर उद्यानाचे श्रेय आपण त्याचा आराखडा काढणाऱ्यास देतो. माझ्या मते त्यातील मोठा वाटा वाफ्यावर नजर ठेवणाऱ्या माळ्याचा असतो. इंग्लंडातील एक्झेटर येथे रोपवाटिका चालविणाऱ्या विल्यम ल्यूकोम यांनी १७६२ च्या सुमारास तुर्की ओकचे बी पेरले. हिवाळ्यात इतर रोपांची पाने गळाली, परंतु एक रोप हिरवेच राहिले. ज्याच्या सालीची बुचे करितात, त्या ओकचा पराग वाऱ्याबरोबर येऊन हा संकर आपोआप घडला होता. (दक्षिण युरोपातील रानांतही तो आढळतो.) एखाद्या माळ्याने भेसळ म्हणून ते रोप उपटूनच टाकिले असते! ल्यूकोम यांनी त्याची हजारो कलमे बांधिली. कलमेच का? कोय पेरून हापूसच मिळेल अशी जशी खात्री नसते, तसेच याचेही आहे. बियांपासून निघणारे प्रत्येक रोप निराळे.

पाने बहुधा वसंतापर्यंत टिकत असल्याने उघड्याबोडक्या हिवाळी उद्यानात हा वृक्ष उत्तम आडोसा देतो. मात्र त्यास ऐसपैस जागा हवी. अरुंद वाटेच्या कडेस तो लावून दरवर्षी त्याच्या फांद्या छाटणे हा निव्वळ अविचार होय.

आड येणारे झाड तोडण्यावाचून गत्यंतर नसते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. क्यू येथील राजोद्यानात १७७३ साली लाविलेला असाच एक ओक १८४६ मध्ये नव्या रुंद हिरवळीच्या आड आला. तेथील लोकांनी ते ७३ वर्षांचे झाड मुळांसकट उचलून सुमारे २० मीटर दूर नेऊन लाविले.